आधी चूल, मग सामान

घर बदलताना टेम्पो रिकामा होईतो दिवस मावळतो. खोकी दाराशी तशीच पडलेली असतात. आणि लेकरू विचारतं, आई, जेवायला काय?

पनवेलजवळ कोन गावात गिरणी कामगारांसाठीची घरं आहेत. 2016 साली सोडत निघाली. चावी हाती यायला मात्र वर्षं गेली. मधे कोरोना आला, इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. 1982 च्या गिरणी संपात ज्यांचं सगळं गेलं, त्यांना इतकी वाट पाहायला लागायला नको होती.

अशा घरातली पहिली रात्र डोळ्यांसमोर आणा. दूध उतू घालवून झालं. आता कुकर चढतो. मुगाची खिचडी, वर कच्च्या तेलाची धार, विस्तवावर भाजलेला पापड. ताटं कुठल्या खोक्यात, कुणालाच आठवत नाही. मग एकाच परातीत सगळ्यांचे हात.

आधी चूल, मग सामान. मुंबईच्या गिरणगावाला हे ठाऊक होतं. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या कामगाराला खानावळवाल्या बायांनी जेवू घातलं. पुढे 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी त्या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

मंडळी, दमलेल्या माणसाच्या पोटात चार घास गेले, की त्याचा चढलेला आवाज उतरतो. म्हणून डाळ-तांदळाची पिशवी टेम्पोत टाकू नका, हातात ठेवा. आधी चूल, मग सामान. आणि आज तुमच्या मजल्यावर कुणी नवं आलं, तर पिठलं-भाकरी घेऊन दार वाजवा. नाव-गाव उद्या विचारता येईल.