ओले सरपण आणि धुराचे अनुमान

धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे न्यायशास्त्रातले सर्वांत परिचित अनुमान. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे मात्र नैयायिक मान्य करत नाहीत. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हाच संयोग ‘उपाधी’ (बाहेरून आलेली अट) म्हणून सांगितला आहे. म्हणजे धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे.

चुलीपुढे हे म्हणणे बहुतांशी खरे ठरते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. मग ज्वाळा थंडावते आणि लाकडातून निघणारे वायू पेट न घेताच धूर होऊन बाहेर पडतात. पण हवा कोंडली तर वाळलेले लाकूडही धुमसते. शिवाय उन्हावाऱ्यात वाळवलेल्या लाकडात थोडी ओल राहतेच. ओले आणि सुके अशी दोनच खणांची विभागणी तर्काला पुरते, सरपणाला पुरत नाही. जाळण्यासाठी ओल वीस टक्क्यांच्या खाली आली की पुरे मानतात.

ही ओल दोन टप्प्यांत जाते. पेशींच्या पोकळ्यांतले पाणी आधी निघते. पेशींच्या भिंतींत मुरलेले मागाहून, सावकाश. ‘मज्झिमनिकाया’तील महासच्चक सुत्तात बुद्धाने असाच भेद साधनेला लावला आहे. पाण्यात पडलेल्या ओल्या लाकडातून घर्षणाने अग्नी निघत नाही. पाण्याबाहेर काढलेल्या, पण आत रस असलेल्या लाकडातूनही नाही. विषयांपासून देहाने दूर झालेल्या, पण आतली तृष्णा न शमलेल्या साधकाची गत या दुसऱ्या लाकडासारखी. त्याने देहाला कितीही कष्ट दिले तरी बोध होत नाही. दृष्टान्ताचे सारे बळ या दुसऱ्या लाकडात आहे, कारण फसगत तिथेच होते.

सरपणातही फसगत तिथलीच. ओंडके फोडून, जमिनीपासून उचलून, वारा खेळेल असे रचले तरी टोके आधी वाळतात व तडकतात, गाभा ओला राहतो. हलकेपणा हीसुद्धा खूण खरी, पण कुजलेले लाकूडही हलकेच असते. न्यायाच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी, म्हणजे वाळलेपणा नसतानाही आढळणारा. दोन फाटी एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर भरवसा वाढतो. कोकणात पावसाळ्याआधी सरपणाची बेगमी करतात, तरी दमट हवेत वाळलेले लाकूडही पुन्हा ओल धरते. म्हणून एखादे लाकूड फोडून आतली ताजी बाजू हाताला गार, दमट लागते का, हे पाहणे अधिक विश्वासाचे. नेमके मोजायचे तर तुकडा तोलून भट्टीत वाळवतात आणि वजन घटायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलतात.