कुणाच्या पट्टीत?

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या कॅसेटवर निळ्या शाईत दोनच गोष्टी लिहिल्या होत्या : भामरागडजवळच्या एका गावाचं नाव आणि '१९८४'. आजोबा तेव्हा तिकडच्या आश्रमशाळेत मास्तर होते. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोनच वर्षं झाली होती. गावात वीज नव्हती. आजोबांकडे सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता.

कॅसेटमध्ये एक माडिया बाई गाते आहे. सुरुवातीला आवाज जड, सावकाश. मग तो हळूहळू चढत, घाईला येत जातो आणि शेवटी एखादी लहान मुलगी गातेय असं वाटतं. कारण सोपं आहे. सेल उतरत गेले, मोटर मंदावली, फीत हळू सरकली. हळू भरलेली फीत नेहमीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं, वाजवली की आवाज चढतो.

योगायोग असा की पुण्यात माझी नोकरीही टेपचीच आहे. (हे सांगितलं की मित्र हसतात. पण मोठमोठ्या कंपन्यांचा बॅकअप आजही मॅग्नेटिक टेपवरच जातो.) एलटीओ-९ च्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात. फीत अर्धा इंच रुंद, आणि तिच्यावर ८,९६० ट्रॅक. एका ट्रॅकच्या वाट्याला दीड मायक्रॉनही येत नाही. ही फीत सेकंदाला काही मीटर वेगानं धावते, धावताना डोलते, शेजारच्या पंख्यांनी थरथरते. मला सुरुवातीला वाटायचं, तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरत असतील. तसं करता येत नाही, फितीची कड खराब होते. मग उलटं करतात. फितीला डोलू देतात आणि हेड तिच्या मागे मागे हलतं. आपण नेमके कुठे आहोत हे हेडला कळावं म्हणून फितीवर कारखान्यातच पाच सर्वो पट्टे लिहिलेले असतात. ते पुसले गेले तर फीत भंगारात, कारण ड्राइव्हला ते पुन्हा लिहिता येत नाहीत.

आणखी एक नियम मला फार आवडतो. लिहिताना हेड ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सरकलं की ड्राइव्ह लिहिणं थांबवतो. वाचताना चुकलं तर परत वाचता येतं. लिहिताना चुकलं तर शेजारच्या ट्रॅकवरचं कुणाचं तरी कायमचं जातं.

आजोबांच्या कॅसेटवर असे पट्टे कुठले असणार! शहरातलं रेकॉर्डिंग असतं तर विजेची ५० हर्ट्झची घरघर मागे सापडली असती, तिच्यावरून वेग काढता आला असता. जंगलात तीही नाही. पण आजोबा स्वतः तीनदा बोलले आहेत. सुरुवातीला गावाचं नाव, मध्ये "थांबू नका, गा", आणि शेवटी "सेल उतरून रायले वाटते." आत्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्येही त्यांचा आवाज होता. मी तो प्रमाण मानला, तीन ठिकाणी वेग जुळवला, आणि मधल्या भागासाठी गाणं एकाच पट्टीत राहिलं असणार असं धरलं. एका रविवारी प्रोग्रॅम लिहून झाला. गाणं सरळ झालं. आजोबा आजोबांसारखे बोलले आणि आई रडली.

आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकरवी त्या गायिकेची नात सापडली. ती तिकडेच नर्स आहे. तिला फाइल पाठवली, तिनं ती गावाच्या ग्रुपवर टाकली, आणि गोटुलात सगळ्यांनी ती ऐकली. आठवड्यानं तिचा फोन आला. आभार मानून म्हणाली, "पण दादा, माझी आई म्हणते, आजी शेवटी शेवटी आवाज चढवायची. यात चढत नाही."

मी सेलचं सगळं समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की उत्तर तिला नव्हतं मिळालं, मला मिळालं होतं. शेवटी आजोबा गाण्याच्या वर आवाज काढून बोलले असतील तर? त्यांचा चढलेला आवाज मी सेलच्या खात्यावर टाकला आणि तेवढीच तिची पट्टी खाली ओढली. आणि गाणं एकाच पट्टीत राहतं, ही हार्मोनियम शिकलेल्या माणसाची समजूत. आजोबांचा त्या पोरांवर जीव होता, हे मला माहीत आहे. तरी वर्गात मास्तरांची मराठी प्रमाण आणि पोरांचं बोलणं दुरुस्तीला, हे चालायचंच. चाळीस वर्षांनी मी तेच केलं, फक्त कोडमध्ये.

चंद्रपूरला आमचं घर एका खुल्या कोळसा खाणीजवळ आहे. दुपारी सुरुंग उडाला की फळीवरची ताटं वाजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं एक परिपत्रक आहे, त्यात जमिनीचा हादरा किती चालेल याच्या मर्यादा आहेत. कंपनांची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर खाणमालकाच्या स्वतःच्या घरांना सेकंदाला १० मिलिमीटर, दुसऱ्यांच्या घरांना ५, ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूंना २. कॉलेजात वाचलं तेव्हा हसलो होतो, भिंतीला काय माहीत मालक कोण! आता तो नियम शहाणा वाटतो. जे आपलं नाही ते कमी हलवावं. मी आमच्या माणसाचा आवाज स्थिर ठेवला आणि तिचा हलवला.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "दोन्ही फाइली ठेव ना, प्रश्न संपला." ठेवल्या आहेत. पण गोटुलात वाजते ती एकच, आणि ज्यांनी ती गायिका पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा आवाज आता माझ्या अंदाजातून तयार झालेला आहे.

मी परत फोन केला आणि हे सगळं सांगितलं. मूळ फाइलही पाठवली. ती ऐकून ती हसली, "ही तर बारीक पोरगी वाटते." मग थोडं थांबून म्हणाली, आईला दोन्ही ऐकवते, तिला विचारते. आईच्या गावात रेंज नाही. पुढच्या बाजाराला ती खाली येईल तेव्हा. तोवर मी प्रोग्रॅम उघडलेला नाही.