आखाड आणि टाकीतलं मांस

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी यवतला उतरते, तेव्हा गाव वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी रांधतं. पुढचा मुक्काम वरवंडला. पालखी दौंड तालुका ओलांडते न ओलांडते तोच आखाड लागतो आणि सोलापूर रस्त्याच्या याच पट्ट्यातल्या ढाब्यांवर श्रावणाआधीची घाई सुरू होते. यात कुणाला विसंगती दिसत नाही. मलाही दिसत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाची चर्चा वाचताना या रस्त्यावरची माणसं आठवतात. जनावराच्या पेशी घ्यायच्या, पोलादी टाकीत साधारण ३७ अंशांच्या उबेत, साखर-क्षार-प्रथिनांच्या द्रवात वाढवायच्या, कापाकापी नाही. लंडनमध्ये २०१३ साली असा पहिला बर्गर तळून दाखवला. सिंगापूरने २०२० मध्ये विक्रीला परवानगी दिली, इटलीने २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यात लक्ष घातलं आणि ‘अहिंसा मांस’ हे नावही चर्चेत आलं. (त्या पहिल्या बर्गरच्या पेशी गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून काढलेल्या द्रवावर वाढल्या होत्या. आता त्याशिवाय भागवायचे प्रयत्न चालू आहेत, पण नाव ठेवताना जरा थांबायला हवं होतं.)

माळकऱ्याला या अहिंसेचं काय? कोंबडी कुणी मारली, हा त्याचा हिशोबच नाही; गळ्यात माळ घातली तेव्हा तो विषय संपला. आणि म्हसोबाच्या जत्रेला बोकड देणाऱ्यालाही टाकीतलं मांस चालणार नाही. त्याला नवस फेडायचाय, पाव्हणे बोलवायचेत, भावकीत वाटे घालायचेत. उरतो तो ढाब्यावरचा गिऱ्हाईक. तो नाक मुरडतो, म्हणतो, “असलं कृत्रिम काय खायचं?” आणि ताटातल्या बॉयलरचा तुकडा मोडतो.

ती बॉयलर कोंबडी कुठून आली, ते शिरूर-दौंडच्या शेडांत जाऊन पाहावं. चाळीसेक दिवसांत दोन किलोंच्या आसपास भरणारी जात, मका-सोयाबीनचं मोजून दिलेलं खाद्य, रात्रीही दिवे. करारात पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेतकऱ्याचं शेड, वीज आणि राबणं. बॅच भरली की कंपनी पक्षी उचलते, याच्या हातात किलोवर ठरलेली मजुरी पडते. प्रयोगशाळा मांस शेतकऱ्याच्या हातून काढून घेईल, अशी भीती घातली जाते. करारातला पक्षी आजही त्याचा नसतो.

पर्यावरणाचं गणितही युरोपातून जसंच्या तसं उचलून चालत नाही. तिकडे टाकीतल्या मांसाची तुलना होते ती गोमांसाशी, आणि तिथे त्याची बाजू भक्कम असते. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा २०१५ पासून आहे. इथे टाकीला टक्कर द्यायचीय ती किलोभर वजनाला दोन किलोंहून कमी खाद्य लागणाऱ्या कोंबडीशी. टाकी दिवसरात्र उबदार आणि निर्जंतुक ठेवायला वीज लागते, आणि आपली बरीचशी वीज कोळशावरची. शिवाय शेडात खाली अंथरलेलं भाताचं तूस बॅच उठल्यावर कोंबडखत होऊन घोड-भीमेच्या काठच्या उसाला जातं. हे खत टाकीतून निघत नाही. म्हणून शेड निर्मळ आहे असं मात्र नव्हे. माशा आणि दुर्गंधीपायी शेडवाल्यांचे शेजाऱ्यांशी वाद होतात, ते काही उगाच नाही.

लोकमत कसं फिरतं तेही आपण पाहिलंय. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना येतो ही अफवा फोनाफोनी फिरली आणि राज्यभर भाव कोसळले. कुणी पक्षी फुकट वाटले, कुणी जिवंत पुरले. काही महिन्यांत खाणारे परत आले. तेव्हा आजचं नाक मुरडणं कायमचं आहे, असं मी धरत नाही. टाकीतलं मांस स्वस्त झालं तर तोच गिऱ्हाईक रस्सा आहे का तेवढंच विचारील. टाक्या कदाचित रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत बसतील, कामाला शिकलेली पोरं लागतील. शेड बांधायला कर्ज काढलेल्याला त्यात काय मिळणार, हे ‘अहिंसा मांस’वाल्यांना कुणीतरी आत्ताच विचारलं पाहिजे, कारण शेडाचे हप्ते सात-सात वर्षं चालतात.