महाप्रसाद आणि मिताहार

श्रींचे दर्शन घडले, की भाविकांची पावले आपोआप अन्नछत्राकडे वळतात. हातपाय धुऊन पंगतीस बसावे, नामघोष व्हावा, सेवेकऱ्यांनी वरणभात, भाजी, पोळी आणि एखादा गोड पदार्थ वाढावा व तो श्रींचा प्रसाद म्हणून ग्रहण करावा, हा यात्रेतील तृप्तीचा क्षण होय. परंतु याच पंगतीत अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. पोट भरलेले असते आणि पानात अर्धी पोळी व मूदभर भात शिल्लक असतो. टाकावा तर प्रसादाचा अवमान होतो. संपवावा तर शरीर नको म्हणते. अशा वेळी धर्म कोणता?

‘पानात टाकू नये’ हे उत्तर आपणा सर्वांना बालपणीच मिळालेले आहे आणि ते थोर आहे. 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीला अन्नाचे मोल कोणी शिकवावे लागले नाही. शेगावी 1878 साली श्रीगजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले, ते रस्त्यावर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतील शिते वेचून खाताना, असे दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात वर्णिले आहे. एका शितातही परब्रह्म पाहावे, हा त्या प्रसंगाचा बोध महाराष्ट्राच्या मनावर कोरला गेला आहे.

तथापि थोडा विचार केला तर असे दिसते, की भूक शमल्यावर बळेच खाल्लेल्या घासाने अन्न वाचत नाही. तो घास कोणा भुकेल्याच्या मुखी जात नाही. उकिरड्याच्या जागी आपण आपला देह योजतो, एवढाच फरक. आणि देह तर गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘क्षेत्र’ म्हणून वर्णिलेला आहे. ज्या श्रद्धेने आपण या तीर्थक्षेत्राचे पावित्र्य राखतो, त्याच श्रद्धेने या दुसऱ्या क्षेत्राचेही राखावयास नको काय?

म्हणजे टाकणेही दोषाचे आणि अति खाणेही दोषाचे. मग सुटका कोठे आहे? ती शेवटच्या घासापाशी नाही, पहिल्या वाढपापाशी आहे. चूक होते ती पान वाढले जात असताना, आणि आपण मात्र ती पान उचलताना सुधारू पाहतो. वाढपी समोर आला, की पानावर आडवा हात धरून ‘थोडेच वाढा, लागले तर मागून घेईन’ असे म्हणणे, यात अन्नाचा मान आहे आणि देहाचाही. पंगतीत पुन्हा मागण्यास कधीच संकोच नसावा. एकदम भरपूर घेण्यास मात्र जरूर असावा.

आपल्या शास्त्रकारांनी हे प्रमाण फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’नुसार जठराचे चार भाग कल्पावेत, दोन भाग घन अन्नाने व एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिके’त तर मिताहाराच्या व्याख्येतच ईश्वर येतो. चतुर्थांश रिक्त ठेवून शिवाच्या प्रीत्यर्थ केलेले भोजन म्हणजे मिताहार होय. जो भाग आपण खाल्ला नाही, तोही जणू नैवेद्यच झाला! गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, या दोघांनाही योग साधत नाही, असे स्पष्ट केले आहे. मिताहार म्हणजे उपासमार नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आजच्या काळी या उपदेशाची निकड वाढली आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 24 टक्के स्त्रिया व 23 टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. पोटाभोवती साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकार यांना विशेष साहाय्यक ठरते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्यास काही अवधी लागतो. घाईने जेवणारा मनुष्य ती जाणीव होण्यापूर्वीच गरजेपेक्षा अधिक खाऊन बसतो, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आपल्या भोजनविधीतच या घाईवर उपाय आहे. पानाभोवती पाणी फिरविणे, चित्राहुती घालणे, आपोशन घेणे, हे सर्व आचार अन्न आणि भूक यांच्यामध्ये क्षणभर विराम निर्माण करतात. अन्न समोर आहे, ते कोणी पिकविले, कोणी रांधले, याचे स्मरण त्या विरामात घडते. आज ती जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. दृष्टी पडद्यावर आणि हात पानात, असे भोजन किती झाले ते जिभेलाही कळत नाही. निदान महाप्रसादाच्या वेळी तरी भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावा, प्रत्येक घास नीट चावावा आणि मध्येच थांबून ‘भूक अजून आहे, की केवळ चव हवी आहे?’ असे स्वतःस विचारावे.

उपवासाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यावर केलेला विनोद आहे. साबुदाण्याची तुपातली खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचे पापड यांनी धान्य वर्ज्य होते, पण संयम साधत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्यावाचून उपवास करू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मिताहार हे स्वतःसाठी हाती घ्यावयाचे माप आहे, दुसऱ्यास मोजण्याचे नव्हे. शेजारच्या पानावर चौथी पोळी पडली, तर ती कदाचित दोन दिवसांतील पहिल्या पोटभर जेवणाची असेल. कोणाचे शरीर स्थूल असेल, तर त्यामागे आनुवंशिकता, आजार वा औषधेही असू शकतात. अन्नछत्रात कोणाच्या घासाकडे पाहू नये. पाहावयाचे ते आपल्याच पानाकडे.

आग्रहाचेही तसेच आहे. अतिथीस आग्रह करणे ही आपली प्रेमाची रीत. परंतु पथ्य असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ म्हणून जिलेबी वाढणे, हे प्रेम नव्हे. तीर्थ आपण पळीभरच घेतो, साखरफुटाण्याचे चार दाणेच मस्तकी लावतो आणि तेवढ्यानेही कृतार्थ होतो. कृपा मापाने वाढत नाही, हे जर गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर मान्य आहे, तर पंगतीत ते का विसरावे? गोडाचा एक कणही पूर्ण प्रसादच होय.

अन्नदानासाठी निधी अर्पण करणाऱ्या दात्यांचा हेतू एकच असतो, की येथून कोणी उपाशी जाऊ नये. आपण न घेतलेली पोळी भांड्यातच राहते आणि पुढच्या पंगतीतील भुकेल्याच्या पानात पडते. म्हणून भाविकहो, आज पंगतीस बसाल तेव्हा प्रथम थोडे घ्या, घेतलेले संपवा आणि जागा थोडी शिल्लक असतानाच हात धुवा. रिकामे झालेले पान आणि हलके राहिलेले शरीर, ही दोन्ही श्रींच्या चरणी सारखीच रुजू होतील.