हारानात राहिलेला बाप

इंदूर येथे गणित शिकवणारे माझ्या परिचयातील एक तरुण शिक्षक काही महिन्यांपूर्वी सपत्नीक माझ्याकडे आले. मस्कतमधील एका भारतीय शाळेत त्यांची निवड झाली होती आणि नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी पत्नी व दोन मुलांसह त्यांना तेथे पोहोचावयाचे होते. पदवीपत्रे, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले अशी सारी कागदपत्रे एका जाड फायलीत होती. काहींवर परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिलचा शिक्का उमटला होता, काहींवर उमटावयाचा होता. "काका, प्रार्थना करा. देवाने दार उघडले आहे," ते म्हणाले. आम्ही प्रार्थना केली. निघता निघता मी विचारले, "वडिलांना काय वाटते?" क्षणभर थांबून ते म्हणाले, "हे देवाचे पाचारण आहे, असे मी त्यांना सांगितले. ते काहीच बोलले नाहीत."

वडील 78 वर्षांचे आहेत. जालन्याजवळच्या गावी ते एकटे राहतात.

ते गेल्यावर तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. आईवडिलांचा सन्मान करावा ही देवाची आज्ञा, आणि देव बोलावील तेथे जावे ही विश्वासाची रीत. या दोहोंत विरोध आला तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? आणि मुळात तो विरोध खराच देवाने आणलेला आहे, की आपणच आपल्या सोयीसाठी उभा केलेला आहे, हे कसे ओळखावे?

अशा वेळी आपल्या मंडळ्यांत हमखास अब्राहामाचे उदाहरण देतात. अब्राहाम निघाला, तसे आपणही निघावे. परंतु उत्पत्तीचा अकरावा व बारावा अध्याय सावकाश वाचला, तर या कथेत एक म्हातारा दिसतो. त्याचे नाव तेरह. तो सत्तर वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम व त्याचे भाऊ झाले. अब्रामाने हारान सोडले तेव्हा अब्राम पंचाहत्तर वर्षांचा होता. म्हणजे तेरह त्या वेळी 145 वर्षांचा. आणि तो हारानात मेला तो 205 वर्षांचा होऊन. हिशेब सरळ धरला, तर मुलगा गेल्यावर हा बाप आणखी साठ वर्षे त्या परक्या गावी जगला.

हा हिशेब पूर्वीच्या वाचकांनाही बोचला होता. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन म्हणतो की, बाप मेल्यावर अब्राहाम हारानातून निघाला. शोमरोनी पंचग्रंथात तर तेरहाचे मृत्युसमयीचे वय 145 असेच दिले आहे, म्हणजे अडचण मिटते. काही भाष्यकार म्हणतात की अब्राम हा थोरला नसावा, तो पुष्कळ उशिरा जन्मला असावा. यांपैकी कोणते उत्तर खरे, याचा निकाल मी येथे देत नाही. भाषांतरकाराने समोरच्या पाठातील आकडे जसेच्या तसे द्यावेत, एवढेच त्याच्या हाती असते. तथापि यहूदी भाष्यकार राशी याने म्हटलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेरहाच्या मृत्यूची नोंद शास्त्राने अब्रामाच्या प्रयाणाच्या आधीच का केली? अब्रामाने वृद्ध पित्याला टाकून आज्ञा मोडली, असे लोकांनी म्हणू नये म्हणून.

पाचारणाचे मूळ इब्री शब्द आहेत "लेख लेखा". पहिल्याचा अर्थ "जा". दुसऱ्याचा अर्थ "तुझ्यासाठी", "तू स्वतः". मराठीत हा दुसरा शब्द बहुधा गळून पडतो, कारण आपल्या भाषेत तो सहज बसत नाही. प्राचीन रब्बींनी मात्र त्यावर बोट ठेवले. त्यांच्या मते देव अब्राहामाला म्हणत होता की, आईवडिलांच्या सन्मानाच्या आज्ञेतून मी तुला सूट देतो. पण ती तुलाच, दुसऱ्या कोणाला नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हा अर्थ ताणलेला आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यामागची सावधगिरी ताणलेली नाही. अब्राहामाचे पाचारण प्रत्येकाने आपल्या खिशात घालू नये, हेच त्यांना सांगावयाचे होते.

येथे कोणी म्हणेल, बापाला पुरावयास जाऊ पाहणाऱ्या शिष्याला प्रभूने थांबवले नाही काय? थांबवले. परंतु त्याच प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात "कुर्बान" म्हणणाऱ्यांचा कठोर निषेध केला आहे. आईवडिलांना ज्याचा लाभ व्हावयाचा ते देवाला अर्पण झाले, असे एकदा म्हटले की मुलगा मोकळा. शब्द पवित्र, पण काम पळवाटेचे. देवाचे नाव आले की घरातील वाद संपतो. म्हाताऱ्याने देवाविरुद्ध काय बोलावे?

हे मी परक्याच्या दोषासारखे लिहीत नाही. 2004 साली मी पत्नी व दोन लहान मुलांसह इब्री शिकवण्यासाठी दोन वर्षे नैरोबीला गेलो. कामाची ओढ होती, हे खरे. परंतु येथल्या तुटपुंज्या मानधनाचा कंटाळा आला होता, आणि परदेशात शिकवून आलेला म्हणून नाव होईल असेही वाटत होते. आईला मात्र मी एवढेच सांगितले की देवाने बोलावले आहे. ती म्हणाली, "देवानं बोलावलं, तर मी अडवणारी कोण?" मी ती तिची संमती समजलो. परत आल्यावर शेजाऱ्यांकडून कळले की ती पडून तिचे मनगट मोडले होते आणि दोन महिने हात गळ्यात होता. "त्याला कळवू नका, तो देवाच्या कामाला गेलाय," असे तिने सर्वांना बजावले होते. माझ्या अर्धसत्याची किंमत तिने भरली, आणि तीही विश्वासाने.

मग परदेशी जाऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. पंडिता रमाबाई 1883 साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यावे हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. प्रवासखर्च त्यांच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नातून झाला; वाँटेज येथे भगिनींना मराठी शिकवून राहण्याची सोय झाली. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा बेत फसला. तरी त्याच प्रवासात त्यांना ख्रिस्त भेटला, आणि परतल्यावर 1889 मध्ये मुंबईस शारदासदन उभे राहिले. साधा हेतू साध्या शब्दांत सांगून निघालेल्या माणसालाही देव वापरतो. आपले हेतू फुगवून सांगण्याची त्याला गरज नसते.

अधिक पगार, मुलीचे शिक्षण, डोक्यावरचे कर्ज, यांत पाप नाही. कुटुंबाची तरतूद न करणाऱ्याविषयी पौलाने तीमथ्याला किती कडक शब्दांत लिहिले आहे! पाप आहे ते तरतुदीला पाचारणाचा झगा चढवण्यात. कारण नोकरीविषयी वडील बोलू शकतात, प्रश्न विचारू शकतात, नाराजही होऊ शकतात. पाचारणापुढे ते फक्त मान खाली घालतात. म्हणून मला कसोटी एवढीच वाटते: आपले कारण आपण अशा शब्दांत सांगितले आहे काय, की ऐकणाऱ्याला "नको" म्हणता येईल?

हे सारे मी त्या शिक्षकांना कळवले. ते पुन्हा गावी गेले आणि या वेळी पगाराचा आकडा, कर्जाचा आकडा, कराराची मुदत, सर्व वडिलांपुढे ठेवले. म्हाताऱ्याने बराच वेळ ऐकून घेतले. मग तीन प्रश्न विचारले. दवाखान्यात कोण नेईल? नाताळला घरी याल का? आणि शेवटी, "माझ्या मातीला पोचशील ना?"

पहिल्या प्रश्नासाठी औरंगाबादच्या बहिणीशी बोलणे झाले आहे. दुसऱ्याला त्यांनी होकार दिला. तिसऱ्याला खरे उत्तर देता आले नाही, आणि त्यांनी खोटे दिले नाही. ते वडिलांजवळ बसून राहिले. वधस्तंभावरून जगाचा उद्धार साधत असतानाही प्रभूने आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवले. तिला कोण सांभाळणार, हा प्रश्न त्याने अनुत्तरित ठेवला नाही. बॅगा भरण्यापूर्वी आपणही एवढे करावे. हारानातल्या बापाला निदान आपण का जात आहोत, हे खरेखुरे कळलेले असावे.