छप्पर उघडणारे चौघे



मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील एका घराची हकिकत आहे. प्रभू येशू आत शिकवीत होता. कोणालाही मनाई नव्हती. तरीही एक पक्षाघाती मनुष्य बाहेरच राहिला असता, कारण दाराशी गर्दी होती आणि त्याच्या पायांत बळ नव्हते. शेवटी चौघांनी छप्पर उघडून त्याची बाज खाली सोडली.

दार उघडे असणे आणि आत जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा कोल्हापूर, सांगली व सातारा या शिवाजी विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांत महाविद्यालयांचे वर्ग मोबाईलवर भरू लागले. वर्ग सर्वांना खुला होता. पण ज्या घरात फोन एकच आणि भावंडे तीन, तिथे काय? शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शंभरापैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. संगणक तर चार-पाच घरांतच.

आपल्या कोल्हापूरला हा धडा नवा नाही. नुसती शाळा उघडून खेड्यातला मुलगा शिकत नाही, त्याला शहरात राहायला जागा हवी, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वसतिगृहांना आधार दिला. छप्पर उघडणे म्हणतात ते हेच.

त्या टाळेबंदीत आपणही मिस्सा मोबाईलवर पाहत होतो. कितीजणांनी पाहिली हे आपण कौतुकाने मोजले. कोणाला पाहता आली नाही, हे विचारायला मात्र आपण कोणाच्या दारी गेलो नाही. प्रभूपुढे ही कबुली आपण दिलीच पाहिजे.

महाविद्यालये पुन्हा भरली, म्हणून प्रश्न मिटलेला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, प्रवेश ऑनलाईन. अर्ज भरता न आल्याने एखाद्या मोलकरणीच्या मुलीचे वर्ष वाया गेले, तर ते कोणाच्या यादीत दिसत नाही.

म्हणून या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपल्या वाड्यातील, गल्लीतील एका विद्यार्थ्याला विचारू या : बाळा, तुझा अभ्यास कशावर चालतो? कपाटात पडलेला चालू फोन देता येईल. अर्ज भरताना तासभर शेजारी बसता येईल. संध्याकाळी आपल्या घरातील इंटरनेट आणि एक शांत कोपरा देता येईल. थोडी गैरसोय होईल. कफर्णहूमलाही कोणाचे तरी छप्पर मोडलेच होते.

प्रभूने त्या दिवशी बाजेवरच्या माणसाकडे पाहिले, तसा त्याला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला. आपल्याकडे पाहताना त्याला काय दिसेल?

प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.