घंटेनंतरचे तास

रायपूरहून बिलासपूरकडे निघालं की भनपुरी लागतं. इथे लाकडाच्या वखारी आहेत, सॉ मिल आहेत, कारखाने आहेत. लाकूड घनफुटावर मोजतात, काम पाळीवर. पाळी संपली की काम संपलं. पुढे थांबावं लागलं, तर कायदा जादा तासांना दुप्पट दर सांगतो.

शिक्षकालाही आपण हेच माप लावतो. शाळा सुटली, म्हणजे गुरुजी मोकळे. वर दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी आणि भरघोस पगार. हे इतकं सहज बोललं जातं की ते कुणी पडताळून पाहत नाही.

एक वही घेऊ. चौथीतली, गणिताची. भागाकार चुकलाय. लाल फुली मारायला क्षणही लागत नाही. पण बाई तिथे थांबत नाहीत. त्या एकेक पायरी मागे जातात. भाग नीट लावलाय, वजाबाकीही बरोबर आहे. पुढचा अंक खाली घ्यायचा राहिलाय. नेमकी तिथेच त्या खूण करतात. याला चार मिनिटं जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत एका शिक्षकामागे 30 मुलं. तीस वह्या म्हणजे दोन तास, तेही एकाच विषयाचे. घंटा शाळेची वेळ सांगते, शिक्षकाची नाही.

2009 च्या याच कायद्याने हे ओळखलं. शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत त्याने तयारीचा वेळही धरला. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांची कामं मात्र शिक्षकाकडे राहिलीच. मतदारयादी घेऊन दारोदार फिरणारे गुरुजी आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

पगाराचंही तसंच. एकाचा आकडा कानावर येतो, तो आपण सगळ्यांना लावतो. छत्तीसगडातले शिक्षाकर्मी, म्हणजे नियमित नसलेले शिक्षक, वर्षानुवर्षं नियमित शिक्षकांच्या शेजारच्याच वर्गात कमी पैशांत शिकवत राहिले. त्यांच्यातल्या आठ वर्षं सेवा झालेल्यांना शिक्षण विभागात सामावून घेतलं गेलं, ते 2018 साली. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन 2022 अखेरपर्यंत महिना 6,000 रुपये होतं. 2023 पासून ते 16,000 झालं. वर्ग तसाच, मुलं तशीच, जबाबदारी तेवढीच.

पगार किती, हे विचारणं गैर नाही. पैसा लोकांचा आहे, लोकांनी विचारावंच. पण मग कामही पूर्ण पाहावं. आपल्याला आज भागाकार येतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे कुणीतरी वेळ देऊन शोधलं होतं. ते तास आपण मोजले नाहीत, एवढ्याने ते कमी होत नाहीत.